रुद्रीचे पाणी आणि सिहाव्याचे रान

रायपुरास बदली होऊन आलेल्या मराठी माणसाची पहिली तक्रार बहुधा ताटातली असते. ज्वारीची भाकरी येथे मिळते, पण ती शोधावी लागते. भात मात्र न मागता येतो, आणि रात्री उरला तर पाण्यात भिजून सकाळी ‘बासी’ या नावाने पुन्हा समोर उभा राहतो. छत्तीसगडास ‘धान का कटोरा’ म्हणतात, हे बदलीचा हुकूम हाती पडताच कोणाच्या ना कोणाच्या तोंडून आपण ऐकलेले असते. या कटोऱ्याच्या काठाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. रायपूरहून दक्षिणेस धमतरीच्या रस्त्याने निघावे, तो ऐंशीएक किलोमीटर दुतर्फा बांध्याच बांध्या लागतात. धमतरी मागे पडली की रुद्रीचा बंधारा येतो, आणि तेथून नगरी-सिहाव्याच्या दिशेने जमीन चढू लागते, बांध्या विरळ होतात व सालाचे रान सुरू होते. महानदी याच रानात सिहाव्याच्या डोंगरापाशी उगम पावते. आधी पश्चिमेस कांकेरच्या बाजूला जाते आणि मग वळसा घेऊन खाली मैदानात उतरते.

म्हणजे ज्या पाण्यावर खालचे धान पिकते ते पाणी वरच्या रानातून येते. गोष्ट इतकी साधी आहे. तरीही गेल्या दीडशे वर्षांच्या सरकारी व्यवहारात रान एका खात्याकडे, पाणी दुसऱ्याकडे आणि जमिनीचा सारा तिसऱ्याकडे राहिला. या तिन्ही खात्यांनी आपापले हिशेब चोख ठेवले. आणि ज्या रकमेसाठी तिघांच्याही वहीत रकाना नव्हता, ती वरच्या रानातल्या माणसाने भरली. अन्न वाढवावे तर रान जाते आणि रान राखावे तर अन्नास जमीन कोठून आणावी, हा प्रश्न हल्ली जगाच्या मोठमोठ्या परिषदांतून चर्चिला जातो. धमतरीच्या एका तहसिलीत तो शंभर वर्षांपूर्वीच, दीड वर्षाच्या अंतराने, दोनदा उभा राहिला होता. त्याची हकीकत सांगावी, एवढाच आमचा हेतू आहे. जाता जाता एक खुलासा करून ठेवतो. येथे ‘रायपूर जिल्हा’ म्हणजे जुना जिल्हा समजावा. धमतरी आणि महासमुंद त्यातून १९९८ मध्ये वेगळे झाले आणि गरियाबंद व बलौदाबाजार २०१२ मध्ये.

या प्रदेशाशी आपला संबंध केवळ नोकरीपुरता नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपुरावर चालून आले आणि हैहयवंशीयांची सत्ता मोडली. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहत होते. त्यांच्या मागे सुभेदार आले. त्यांपैकी विठ्ठल दिनकर यांनी परगण्यांची घडी बसविली. मराठी वाचकाने या नावांचा अभिमान जरूर बाळगावा. पण सुभेदारी अमलात वसुलीवर जितकी नजर होती तितकी लागवडीवर नव्हती, हेही मान्य केले पाहिजे.

त्या काळी जमिनीची वाण नव्हती, वाण होती ती नांगर धरणाऱ्या हातांची. गावचा प्रमुख ‘गौंटिया’ माणसे जमवून आणी, रान मोडी आणि गाव वसवी. सारा जाचक झाला की रयत उठून दुसऱ्या गौंटियाकडे जाई, आणि चार पावसाळ्यांत मागे राहिलेल्या शेतावर रान पुन्हा चढे. रान त्या वेळी शेतकऱ्याचा शत्रू होते. तापाचे व वाघाचे घर होते. त्याच्याशी भांडण्यास गाव एक असावे लागे, आणि त्या एकीचे एक विलक्षण चिन्ह येथे होते. त्याचे नाव ‘लाखाबाटा’. काही वर्षांनी गावातील सगळी जमीन एकत्र धरून तिची नव्याने वाटणी करीत. काळी ‘कन्हार’, मध्यम ‘डोरसा’, पिवळसर ‘मटासी’ आणि मुरमाड ‘भाटा’ अशा प्रत्येक प्रतीचा तुकडा प्रत्येकाच्या वाट्यास यावा, हा त्यातला हेतू. रायपूर जिल्ह्याची पहिली पक्की जमाबंदी करणाऱ्या हेविट साहेबाने १८६९ च्या आपल्या अहवालात या चालीची नोंद केली आहे. सरकारला ती गैरसोयीची होती. ज्याच्या नावावर सारा बांधावयाचा त्याची जमीन दर काही वर्षांनी बदलू लागली तर दप्तर चालावयाचे कसे? आम्हां कारकून मंडळींस ही अडचण पूर्ण समजते. पण दप्तराच्या सोयीसाठी काय मोडले गेले, हेही ध्यानी ठेवावे.

१८१८ मध्ये इंग्रजांनी तात्पुरता कारभार हाती घेतला तेव्हा कर्नल ॲग्न्यूच्या वेळी राजधानी रतनपुराहून रायपुरास आली, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर हा मुलूख कायमचा त्यांच्याकडे गेला. १८६० नंतरच्या जमाबंदीत गौंटिया मालगुजार झाला, म्हणजे गावाचा मालक ठरला. गावाभोवतालची पडीक व रान ठरलेल्या प्रमाणात गावाकडे ठेवून उरलेले सरकारजमा झाले. सरकारी वनांचा मोठा भाग असा नकाशावरील एका रेघेने निर्माण झाला. रेघ ओढणाऱ्याने अलीकडे शेत आणि पलीकडे जंगल अशी विभागणी केली. रेघेच्या दोन्ही बाजूंस एकच माणूस पोट भरीत होता. त्याचे धान अलीकडे होते, मोह, चारोळी, तेंदू, बांबू आणि गुरांचा चारा पलीकडे.

१८८० च्या दशकात आगगाडी आली आणि या रेघेला किंमत आली. पूर्वी वंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यावर जेवढे धान्य बाहेर जाई तेवढेच जाई. आता ते वाघिणी भरून जाऊ लागले. त्याच गाडीच्या रुळांखाली सालाचे स्लीपर लागत. म्हणजे एकाच यंत्राने धानाची मागणी वाढविली आणि रानाचीही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ पडले, तेव्हा भरभराटीचा हा देखावा किती पातळ होता ते उघडे पडले. धान गेले त्या वर्षी ज्यांच्या हाताशी रान होते त्यांच्याजवळ निदान मोह आणि कंदमुळे होती. मैदानातल्या भूमिहीनाजवळ तेही नव्हते.

याच सुमारास सरकारच्या मनातही द्विधा होती. डोंगरी लोकांची ‘बेवर’ शेती, म्हणजे रानाचा तुकडा तोडून, जाळून, राखेत बी टाकण्याची रीत, वनखात्यास मुळीच खपत नव्हती. जमिनीवर नांगर चालविणे म्हणजे आईच्या छातीवर घाव घालणे, असे मानणाऱ्या बैगांना ती सोडावयास लावून १८९० मध्ये मंडला जिल्ह्यातील थोड्या गावांच्या ‘बैगा चक’ नावाच्या टापूत कोंडण्यात आले. व्हेरियर एल्विन यांनी १९३९ च्या ‘द बैगा’ या ग्रंथात त्याची कथा विस्ताराने सांगितली आहे. कोकणातील वाचकांस राब आठवेल. भाताच्या रोपासाठी वाफ्यावर डहाळ्या पसरून जाळण्याच्या त्या चालीवरून ठाणे-कुलाब्यात इतका असंतोष माजला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. जोतिराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला त्यातही हेच गाऱ्हाणे आहे. वनखात्याने डोंगर व गायराने अडविल्यामुळे गरीब कुणब्याचा आधार तुटला, असे ते म्हणतात. आणि डोंगरावरचा पालापाचोळा व गाळ पावसाने वाहून खालच्या शेतास खत मिळते, म्हणून तो अडविण्यास ताली-बंधारे बांधावेत, असे सुचवितात. डोंगरावरचे रान आणि पायथ्याचे शेत यांचा संबंध इतक्या स्वच्छपणे त्या काळच्या थोड्याच सरकारी कागदांत मांडलेला आढळतो.

त्या थोड्यांत डॉ. व्होएल्कर यांचा अहवाल येतो. भारतातील शेती पाहण्यासाठी विलायतेहून आलेल्या या रसायनशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये सांगितले की, येथील शेतकरी शेण जाळतो तो अडाणीपणाने नव्हे, सरपण नाही म्हणून; तेव्हा गावाजवळ सरपणाची व चाऱ्याची राने वाढवा, म्हणजे शेण शेतात जाईल. छत्तीसगडच्या शेतकऱ्याने हे कोणी न सांगता निम्मे साधले होते. येथे बांधांवर, बांध्यांच्या मध्येही, बाभळी राखण्याची जुनी रीत आहे. बाभळीच्या सावलीत धान थोडे कमी येते, हे शेतकऱ्यास ठाऊक असते. पण नांगर, गाडीचे आरे, कुंपणाचे काटे, शेळीला शेंगा व घराला सरपण तीच देते, आणि रानात जाण्याचे हेलपाटे वाचवते. हल्ली कृषी विद्यापीठे ‘कृषिवानिकी’ या भारदस्त नावाखाली हिचा अभ्यास करतात. व्होएल्कर साहेबांच्या अहवालाचे फळ म्हणून १८९४ मध्ये हिंदुस्थान सरकारचे पहिले वनधोरण निघाले. लागवडीस जमीन हवी असेल आणि ती जंगलातूनच मिळण्याजोगी असेल तर सामान्यतः ती द्यावी, मात्र शेती कायमची असावी आणि जंगलाची चाळण होऊ नये, असा त्याचा आशय. कागद वाईट नव्हता. पण गावाच्या गरजेची राने वेगळी राखण्याचे जे कलम होते ते सगळ्यात कमी अंमलात आले. जी राने महसूल देत ती राखली गेली.

दुष्काळांनंतर सिंचनाकडे लक्ष गेले आणि महानदीवर रुद्रीचा बंधारा व कालवा झाला. त्यास पाणी पुरविण्यासाठी वर रानात, महानदीस मिळणाऱ्या सिलारी नदीवर, माडमसिल्लीचे धरण १९१४ ते १९२३ या काळात बांधले गेले. जादा पाणी सायफनांनी आपोआप बाहेर पडावे, अशी त्याची रचना त्या काळी आशियात नवी होती. ती आजही पाहण्यासारखी आहे.

या कालव्याचे महत्त्व समजण्यास येथील धानाची रीत समजली पाहिजे. भंडारा-गोंदियाकडील वाचकांस आवत्या आणि रोवणी हे दोन्ही प्रकार ठाऊक आहेत. छत्तीसगडची जुनी ‘ब्यासी’ या दोहोंच्या मधली आहे. पावसाच्या आरंभी बी फेकून पेरतात. रोप महिन्याचे झाले आणि बांधीत वीतभर पाणी साचले की उभ्या पिकातून हलका नांगर फिरवतात. नवख्यास वाटावे, शेतकऱ्याने पीक मोडले! पण त्याने तण गाडले जाते, दाट रोपे विरळ होतात, माती भुसभुशीत होते आणि आठवड्याभरात पीक पुन्हा उभे राहते. रोवणीला लागणारे मजूर यात वाचतात. अट एकच, ऐन वेळी बांधीत पाणी हवे. श्रावणातल्या दोन-तीन आठवड्यांत पाऊस दडला की ब्यासी राहते, आणि ब्यासी राहिली की वर्ष राहते. कालवा हा या दोन-तीन आठवड्यांचा विमा होता.

१९२० चे भांडण या विम्याच्या हप्त्यावरूनच झाले. धमतरीजवळचे कंडेल गाव छोटेलाल श्रीवास्तव यांचे. कालवे खात्याने गावाशी दहा वर्षांचा करार करू पाहिला. पाऊस चांगला होवो न होवो, पाणीपट्टी दर वर्षी द्यावयाची. गावाचे म्हणणे असे की एवढ्या पैशात आम्ही स्वतःचा मोठा तलाव बांधू. खात्याची बाजूही समजण्याजोगी आहे. धरणाचा खर्च दर वर्षीचा असतो, केवळ दुष्काळाच्या वर्षी येणाऱ्या गिऱ्हाईकावर तो भागत नाही. पण पुढे जे झाले ते समर्थनीय नव्हते. त्या पावसाळ्यात गावाने कालव्याचे पाणी चोरल्याचा आरोप ठेवून चार हजारांहून अधिक रुपयांचा दंड बसविला गेला. आणि वसुलीसाठी गुरे जप्त झाली. गुरे बाजारोबाजार फिरविली, तरी एकाही बाजारात बोली लावण्यास कोणी पुढे आला नाही! पंडित सुंदरलाल शर्मा आणि नारायणराव मेघावाले हे या लढ्याच्या अग्रभागी होते. मेघावाले धमतरीचे, आपल्यापैकीच. अखेर सरकारने माघार घेतली. त्या वर्षाच्या डिसेंबरात गांधीजी रायपूर-धमतरीस आले ते याच निमित्ताने, असे येथील परंपरा मानते.

कंडेलचा विजय इतिहासाच्या पुस्तकांत आहे. त्यानंतर दीड वर्षाने, १९२२ च्या जानेवारीत, त्याच तहसिलीच्या वरच्या अंगास नगरी-सिहाव्यास जे झाले ते तितकेसे सांगितले जात नाही. तेथील गोंड व इतर आदिवासी शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे पाण्याचे नव्हते. राखीव जंगलातून सरपणाची मोळी आणली तर दंड, गुरे शिरली तर दंड. आणि वनखात्याच्या कामावर वेठबिगारी, किंवा नावापुरती मजुरी. त्यांनी ठरविले की परवाना न काढता लाकूड तोडावयाचे आणि अटक करवून घ्यावयाची. श्यामलाल सोम हे त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक. मिठाचा सत्याग्रह आठ वर्षे पुढे होता, आणि चौरीचौऱ्यामुळे असहकार थांबविण्याचा निर्णय काही आठवडे पुढे. कंडेलचीच मंडळी, सुंदरलाल शर्मा आणि मेघावाले, मदतीस धावली आणि तुरुंगात गेली.

या दोन लढ्यांत एक फरक आहे, आणि आमच्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. खालच्या शेतकऱ्याचा वाद दराचा होता. दर मागे घेता येतो, आणि तो घेतला गेला. वरच्या शेतकऱ्याचा वाद हक्काचा होता. रेघ कोठे ओढावयाची हा प्रश्न होता, आणि ती एका इंचानेही हलली नाही. उलट त्याच दशकात नगरीकडील साल आणण्यासाठी जंगलात ट्रामगाडीचे अरुंद रूळ टाकले गेले. पुढे दुसऱ्या महायुद्धात ते उखडून नेण्यात आले. म्हणजे मोळीवाल्याला जंगल बंद आणि स्लीपरला जंगल खुले. मोळीने रान संपते आणि ट्रामगाडीने राहते, असे कोणते वनशास्त्र सांगते, हे त्या गावकऱ्यांस कळले नाही. आम्हांसही कळत नाही.

१९३० मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडात समुद्र नसल्यामुळे मिठाऐवजी जंगलाचाच कायदा मोडण्याचे ठरले. पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी गवत कापून केलेला सत्याग्रह आपल्याकडे प्रसिद्ध आहे. धमतरीजवळ रुद्री-नवागावला त्याच पावसाळ्यात तसाच सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, त्यात सत्याग्रहीचा प्राण गेला. ज्या बंधाऱ्यापाशी वरचे पाणी खाली वळते, त्याच जागी वरच्या रानाचा प्रश्न खालच्या गावांनी आपला मानला. तसे पुन्हा फारसे घडले नाही.

स्वराज्य आले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि मालगुजारांची जंगले सरकारकडे आली. हस्तांतरापूर्वी त्यांतली किती उभी राहिली, ही वेगळी कथा आहे. गावाला ‘निस्तार’, म्हणजे घरगुती गरजेपुरते लाकूड, बांबू, चराई, मिळावी अशी तरतूद झाली. पण त्यांपैकी पुष्कळ जमीन महसूल खात्याच्या कागदावर महसुलाची आणि वनखात्याच्या कागदावर वनाची राहिली. नकाशावर रंगविलेल्या रंगावरून तिला ‘नारंगी क्षेत्र’ म्हणतात. एका खात्याने पट्टा द्यावा आणि दुसऱ्याने त्याच पट्टेदारावर अतिक्रमणाचा गुन्हा नोंदवावा, असे प्रकार त्यातून घडत आले. आपल्यापैकी ज्यांनी अशा नस्त्या हाताळल्या आहेत त्यांस अधिक सांगावयास नको.

१९५२ च्या राष्ट्रीय वनधोरणाने देशाच्या एक-तृतीयांश भूमीवर वने असावीत असे ठरविले आणि जंगलाशेजारी राहणे हा काही विशेष हक्क नव्हे, असेही बजावले. त्याच वेळी ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम चालू होती. दोन्ही हुकूम एकाच सरकारचे. निकाल काय लागला तो आकड्यांत आहे. १९५१ ते १९८० या काळात देशात सुमारे ४३ लाख हेक्टर वनभूमी इतर कामांस गेली. त्यातली सुमारे २६ लाख हेक्टर शेतीस. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने केंद्राच्या परवानगीशिवाय हे होऊ नये असा बांध घातला.

त्या तीस वर्षांतला एक प्रयोग रायपूरकरांच्या अगदी दारात आहे. आपण विमानाने येताना-जाताना जेथे उतरतो त्या मान्याला पूर्व बंगालच्या निर्वासितांची मोठी छावणी होती. १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प स्थापन झाला आणि बस्तर व कोरापुटातील जंगल यंत्रांनी साफ करून तेथे त्यांना जमिनी देण्याचे ठरले. साफ केलेल्या जमिनीतला चौथा हिस्सा स्थानिक आदिवासींसाठी ठेवावयाचा होता. निर्वासितांना घर हवेच होते; त्यांच्या दुःखाविषयी दुमत असू शकत नाही. पण सालाखालची माती सालाच्या पाल्याने जगते. झाड गेले की चार-दोन वर्षांत ती मुरूम दाखवू लागते. प्रकल्पाचे अध्यक्ष राहिलेले सैबलकुमार गुप्त यांनी १९६५ मध्ये लेख लिहून अनेक वसाहतींच्या जमिनी कशा निकस निघाल्या ते मांडले. परळकोटाकडे वस्ती रुजली, हेही सांगितले पाहिजे. पण इतरत्र निराश झालेली हजारो कुटुंबे १९७८ मध्ये बंगालकडे परत निघाली. जंगल गेले ते गेलेच.

महानदीवर रुद्रीच्या वर गंगरेलचे धरण, म्हणजे रविशंकर सागर, १९७८-७९ मध्ये पुरे झाले. पन्नासांहून अधिक गावे आणि त्यांभोवतालचे रान पाण्याखाली गेले. भिलाईच्या पोलाद कारखान्यास पाणी मिळाले, रायपूर शहरास मिळाले, आणि खालच्या बांध्यांस उन्हाळी धानही घेता येऊ लागले. कंडेलच्या काळी जो कालवा श्रावणातल्या दोन आठवड्यांचा विमा होता, तो आता दुसऱ्या पिकाचा धनी झाला. त्या पिकासाठी कालवा पुरेना म्हणून विंधणविहिरी झाल्या. अलीकडे धमतरी जिल्ह्यात पाण्याची पातळी इतकी खालावली की प्रशासन आणि काही ग्रामपंचायती मिळून उन्हाळी धानाऐवजी हरभरा व इतर डाळींकडे वळण्याचा आग्रह धरीत आहेत.

एकरी उत्पन्न वाढले की नवी जमीन लागत नाही आणि रान वाचते, असा सिद्धांत नॉर्मन बोरलॉग यांनी जगापुढे ठेवला. देशाच्या हिशेबात त्यात तथ्य आहे. तुटीच्या दिवसांतल्या उत्पन्नावर आजची तोंडे भरावयाची तर किती रान मोडावे लागले असते, याची कल्पनाही करवत नाही. परंतु एकरी उत्पन्न कशाने वाढवावे, याविषयी रायपुरातच एक निराळे मत मांडले गेले होते. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. आर. एच. रिछारिया १९७० च्या दशकात येथे राज्याच्या भात संशोधन संस्थेत होते. गावोगाव फिरून त्यांनी धानाचे सुमारे १९ हजार नमुने गोळा केले. गौंटियाच्या काळापासून कन्हारासाठी एक, मटासीसाठी दुसरे, पाणी तुंबणाऱ्या बांधीसाठी तिसरे असे वाण शेतकऱ्यांनी निवडून ठेवले होते. त्यांतील शेकडा आठ-नऊ तरी कोणत्याही नव्या वाणाच्या तोडीचे उत्पन्न देतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांची संस्था १९७८ मध्ये बंद करण्यात आली. संग्रह मात्र राहिला. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे तो आला आणि आणखी वाढला. रायपुरात पाहुणा आला की आपण त्यास बाजार दाखवितो. हा संग्रह दाखविला तर अधिक बरे.

बोरलॉग यांच्या सिद्धांतास मात्र दुसऱ्या बाजूने धक्का लागतो. उत्पन्न वाढून धान महागात खपू लागले तर नांगर मागे सरत नाही, पुढे सरतो. आम्ही कारकून असल्यामुळे एक त्रैराशिक मांडतो. २०२१ मध्ये छत्तीसगड सरकारने धानाऐवजी झाडे लावणाऱ्या शेतकऱ्यास एकरी वर्षाला १० हजार रुपये, तीन वर्षे, देण्याची योजना काढली. त्याच सुमारास तेच सरकार एकरी १५ क्विंटलपर्यंत धान घेई आणि सर्व मिळून क्विंटलला सुमारे २,५०० रुपये शेतकऱ्याच्या हाती पडत. म्हणजे एकरी ३७,५००. बी, खत, मजुरी वजा करा, तरी पारडे कोणीकडे झुकते ते दिसते. २०२३-२४ च्या हंगामात खरेदी एकरी २१ क्विंटल आणि भाव ३,१०० रुपये झाला. शेतकऱ्यास भाव मिळाला याचा आनंद आहेच. कंडेलच्या शेतकऱ्याच्या पणतवाने कोणापुढे हात पसरू नये. पण भावाची हाक रेघेच्या पलीकडेही ऐकू जाते. त्याच सिहाव्याच्या रानात, आज ज्यास उदंती-सीतानदी व्याघ्र प्रकल्प म्हणतात तेथे, गेल्या काही वर्षांत उपग्रहचित्रे जुन्या-नव्याने ताडून, जंगल तोडून केलेली शेते वनखात्याने रिकामी करविली. चित्रांत रानाला पडलेली भोके स्पष्ट दिसतात. त्याच वेळी खालच्या मैदानात मोठी यंत्रे कापणीस येतात आणि बांधावरची बाभूळ त्यांच्या वाटेत येते.

राज्याच्या भूमीपैकी सुमारे ४४ टक्के भूमी आजही वनखात्याच्या दप्तरी वन म्हणून लिहिलेली आहे. तिचे राखणदार कोण, या प्रश्नाचे जुने उत्तर २००६ च्या वनाधिकार कायद्याने बदलले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जंगलात कसणाऱ्यास पट्टा, आणि गावाने परंपरेने वापरलेल्या जंगलाच्या व्यवस्थेचा हक्क ग्रामसभेस. पहिल्या भागाचे पट्टे पुष्कळ वाटले गेले, कारण त्यांचा आकडा सभेत सांगता येतो. दुसरा भाग मागे राहिला. आमच्या मते रान राखण्याच्या दृष्टीने दुसराच अधिक मोलाचा. एकट्याच्या पट्ट्यावर धानच येणार. गावाच्या रानात मोह, चारोळी, तेंदू, चराई यांचा हिशेब सर्वांस मिळून करावा लागतो, आणि शेजाऱ्याने नवे शेत काढले तर त्याला अडविणारा शेजारीच असतो. लाखाबाट्याच्या मुलखात ही कल्पना परकी वाटू नये.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये धमतरी जिल्ह्याच्या नगरी विकासखंडातील जबर्रा या गावाच्या ग्रामसभेस ५,३५२ हेक्टर जंगलाच्या व्यवस्थेचा अधिकार मिळाला. श्यामलाल सोम आणि त्यांचे सोबती मोळीसाठी तुरुंगात गेले त्यास तेव्हा ९७ वर्षे झाली होती. त्यानंतर नगरीच्या आणखी काही गावांस असे अधिकार मिळाले. काहींच्या नस्त्या फिरत आहेत. त्यांवर शेरा लिहिणाऱ्यांत या मासिकाचा एखादा वाचकही असेल. त्याने कागद पुढे सरकविण्यापूर्वी सवड काढून एकदा श्रावणात रुद्रीस जावे, बंधाऱ्यावरून कालव्यात शिरणारे पाणी पाहावे आणि तेथूनच सिहाव्याची बस धरावी.